मेस्त्रींचं राहिलेलं आमेन

'आमेन' म्हणजे काय, असं एकोणिसाव्या वर्षी कुणी पॉलीला विचारलं असतं, तर तिनं बेधडक सांगितलं असतं, "मेन स्विच पाडायचा." आणि त्यात तिची काडीची चूक नव्हती. तिला शिकवलंच तसं होतं.

आधी पॉलीचं सांगायला हवं. तिचं खरं नाव वेगळंच. सुतारकारखान्यात ती पॉलिश करायला लागली म्हणून पॉलिशवाली, आणि मशीनच्या घरघराटात एवढं लांबलचक नाव कोण ओरडणार, म्हणून पॉली. पुढे चर्चच्या पाळकसाहेबांनी हे नाव ऐकलं आणि मोठ्या आनंदानं विचारलं, "तुझा बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये झाला गं?" पॉली म्हणाली, "वार्निशच्या डब्यात." मेस्त्री हसून हसून भिंतीला टेकले होते.

हे मेस्त्री म्हणजे कारखान्याचे मालक, पण मालक म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. खांद्यानं रुंद, आवाजानं त्याहून रुंद, कानामागे पेन्सिल, आणि ती पेन्सिल दिवसातून चारदा सगळ्यांनी मिळून शोधायची. माणूस ख्रिस्ती, आणि तोही नुसता रविवारचा नव्हे. सकाळी कुलूप उघडताना प्रार्थना, मशीनला तेल घालताना प्रार्थना, एखादं गिऱ्हाईक फार डोकं खाऊन गेलं की त्याच्यासाठी खास प्रार्थना. "देवा, याला सुबुद्धी दे, आणि मला याच्या कपाटाचं माप बदलायची पाळी पुन्हा आणू नकोस." मोठ्यानं म्हणायचे. देवाशी बोलताना त्यांना कुणापासून काही लपवायचं नसायचं.

कारखान्याच्या मधोमध गोल करवतीचं जुनं मशीन होतं. त्याची खोड अशी, की बटण बंद केलं तरी पातं लगेच थांबायचं नाही. मोटर गप्प व्हायची आणि पातं मात्र बराच वेळ बिनआवाजाचं गरगरत राहायचं. खरा धोका तेव्हाच. पलीकडून फळी ओढून घेणाऱ्याला वरच्या संरक्षक जाळीमुळे पातं दिसत नाही, आवाज नाही म्हणून तो अडकलेला तुकडा काढायला हात घालतो, आणि मग आयुष्यभर त्या हाताकडे बघत बसतो. म्हणून मेस्त्रींनी नियमच करून टाकला होता. बटण बंद करायचं, पात्यावर नजर ठेवायची आणि पातं फिरतंय तोवर प्रार्थना करायची. "प्रभू, हे हात तुझे आहेत, सांभाळ." पात्याचा दात न् दात वेगळा दिसला, पातं ठप्प उभं राहिलं, की खणखणीत "आमेन." ते ऐकलं की भिंतीजवळच्या माणसानं मेन स्विच पाडायचा आणि मगच पलीकडच्यानं हात घालायचा. आमेनच्या आधी जाळीखाली हात घातला तर मेस्त्री कामावरून काढत नसत, जेवायला घरी नेत आणि काकूंच्या समोर बसवत. काकू म्हणजे त्यांच्या बायको. त्यांचं व्याख्यान ऐकण्यापेक्षा कामावरून गेलेलं परवडलं, असं पोरं म्हणत.

तर भिंतीजवळचा माणूस म्हणजे पॉली. तिचं पॉलिशचं टेबल स्विचलगत होतं, म्हणून ते काम तिच्या गळ्यात पडलं. दिवसभर आमेन, खटका. आमेन, खटका. हाताला सवयच जडली. तो शब्द कारखान्याबाहेरही कुणी म्हणतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

मग मेस्त्रींच्या मुलीचं लग्न आलं. संध्याकाळचा मुहूर्त... मुहूर्त कसला, त्यांच्यात उपासना म्हणतात. सगळा कारखाना नवे कपडे घालून चर्चच्या शेवटच्या बाकावर बसला. पॉली कडेला, आणि तिच्या खांद्याशी, नशीब बघा, चर्चचा स्विचबोर्ड. पुढे मेस्त्रींचा मुलगा ऑर्गन वाजवत होता. वीस-बाविशीचा पोरगा, लांब बोटांचा. कारखान्यात बापाच्या हाताखाली आणि रविवारी पेटीसमोर, एवढंच त्याचं जग. पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली. पॉलीचे डोळे जड झाले. आणि एकदम सगळ्या चर्चनं मिळून, पन्नास मेस्त्रींच्या आवाजात म्हटलं, "आमेन."

पॉली उठली आणि तिनं मेन स्विच पाडला.

दिवे गेले, पंखे गेले, विजेवरचा ऑर्गन अर्ध्या सुरात मेला. नवरी अंगठी कुठल्या हातात घालायची ते अंधारात चाचपत उभी. कुणीतरी लहान मूल रडायला लागलं. पॉलीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात पुढून मेस्त्रींचा आवाज आला, "कुणी तिला बोलायचं नाही. पोरीनं बरोबर केलंय. माझीच शिकवण आहे ती." आणि अंधारात आधी त्यांचा मुलगा हसला, मग नवरी, मग सगळं चर्च. त्या दिवसापासून पाळकसाहेब आमेन म्हणायच्या आधी एकदा शेवटच्या बाकाकडे बघून घेत.

असा तो माणूस. पॉलीचा बाप ती लहान असतानाच गेला होता, त्यामुळे बाप कसा असतो याची तिला फारशी कल्पना नव्हती. ती तिनं मेस्त्रींच्या घरी बघून घेतली. शनिवारी संध्याकाळी हा माणूस घरातल्या सगळ्यांचे कपडे स्वतः इस्त्री करायचा, बायकोचेसुद्धा, आणि पॉलीनं तोंडात बोट घातलं तर म्हणायचा, "लाकूड गुळगुळीत करतो तर कापड का नको?" लेक लहान असताना तिच्या वेण्याही तोच घालायचा म्हणे, त्या वाकड्या व्हायच्या, आणि ती बिचारी तशीच शाळेत जायची. गायचा मात्र भयंकर. सूर कुठे, हा कुठे. चर्चमध्ये मेस्त्रींनी गीत उचललं की मुलगा हळूच ऑर्गनचा आवाज वाढवायचा. बापाला वाटायचं, माझ्या गाण्यानं पोराला चेव चढतो.

आणि शिकवायचे कसे! पॉलीला पॉलिशवरून रंध्यावर, रंध्यावरून करवतीवर त्यांनीच आणलं. 'चुकलं' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. वाकडी खाच पडली की फळी उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, "हं. लाकडाला तुझं म्हणणं पटलं नाही. पुन्हा सांग त्याला, जरा प्रेमानं." पॉलीला वाटायचं, एकदा सणसणीत शिवी हासडली असती तर बरं, हे प्रेमानं-प्रेमानं फार महाग पडतं.

तिच्या आईनं लग्नाचं काढलं आणि "पुरे झाली आता ती पुरुषांतली नोकरी" म्हटलं, तेव्हा मेस्त्री समजूत घालायला तिच्या घरी गेले. एकच खोली, मध्ये एक टेबल, आणि ते डगमगत होतं. आई बोलत होती आणि मेस्त्रींचं लक्ष सगळं त्या टेबलाच्या पायाकडे. शेवटी राहवेना. "तुम्ही बोला, मी ऐकतोय," म्हणाले आणि गेले टेबलाखाली. आईनं अर्धी कैफियत त्यांच्या दोन बुटांना सांगितली. खालून ठोकल्याचा आवाज आला आणि मग मेस्त्रींचा, "लग्न करा की तिचं. पण हातातलं काम काढून घेऊ नका. हिच्या हाताला लाकूड ऐकतं." आईनं टेबल हलवून बघितलं. ते हललं नाही. आईनं हात टेकले.

पॉलीचं लग्न झालं, काम चालू राहिलं. सगळं असंच चाललं असतं, पण तसं व्हायचं नव्हतं.

त्या दिवशी काकूंचं पोटाचं ऑपरेशन होतं. मेस्त्री दवाखान्यात जाऊन आले होते. आत नेल्यावर बाहेर बसवेना म्हणून एक अडलेली फळी चिरायला कारखान्यात परत आले. इथेच खरं तर कुणीतरी त्यांना धरून खुर्चीत बसवायला हवं होतं, पण मेस्त्रींना बसवणार कोण? पलीकडून फळी ओढायला मुलगा होता. स्विचजवळ पॉली. फळी चिरून झाली, मेस्त्रींनी बटण बंद केलं, मोटर गप्प झाली. आणि नेहमीची प्रार्थना सुरू करण्याऐवजी त्यांनी डोळे मिटले. इतक्या वर्षांत पात्यासमोर पहिल्यांदा. ओठ हलत होते. बायकोसाठी मागत होते ते, सगळ्यांना कळत होतं. मागणं संपलं आणि सवयीनं ते म्हणाले, "आमेन."

प्रार्थना संपली होती. पातं थांबलं नव्हतं.

पॉलीनं खटका पाडला, वळली, आणि तिला ते दिसलं. मुलाचा हात तोवर जाळीखाली गेला होता. बापाचा शब्द ऐकून तो कधी थांबलाच नव्हता, तर आजच कसा थांबेल?

काकू बऱ्या होऊन घरी आल्या. मुलगाही आला, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी ठेवून. ऑर्गनला त्यानं झाकण घातलं. मेस्त्री त्याच्यामागे घरभर फिरायचे, "माझं चुकलं रे," म्हणायचे. ज्या माणसाच्या तोंडी 'चुकलं' हा शब्द नव्हता, त्याच्या तोंडी दुसरा शब्द राहिला नाही. मुलगा उठून दुसऱ्या खोलीत जायचा. मग एकदा जेवताना म्हणाला, "बाबा, तुमचं आणि तुमच्या देवाचं बोलणं झालं, तेवढ्यात माझा हात गेला. तुम्ही म्हणा आमेन. मला आता तो शब्द ऐकवत नाही." दुसऱ्या आठवड्यात तो दुसऱ्या शहरात निघून गेला. तिथे कुठल्याशा शाळेत मुलांना गाणं शिकवायला लागला. आईला फोन करायचा. बापाशी बोलायचा नाही.

आणि मेस्त्रींनी आमेन म्हणणं सोडलं.

कारखान्यात ते आता "थांबलं" म्हणायचे. पण तेवढ्यावर भागवायचे नाहीत. पलीकडे चालत जायचे, जाळीखाली आधी स्वतःचा हात घालायचे, आणि मग इतरांनी. रोज, प्रत्येक फळीला. काम मंदावलं, गिऱ्हाइकं कुरकुरली, मेस्त्रींनी ढिम्म लक्ष दिलं नाही. चर्चमध्ये जायचे, गुडघे टेकायचे, सगळ्यांच्या बरोबर प्रार्थना करायचे, आणि शेवटी सगळे आमेन म्हणाले की ओठ घट्ट मिटायचे. गाणंही खाली आलं. ऑर्गनवर नवा माणूस होता, त्याला आवाज कधी वाढवायचा ते माहीत नव्हतं. मेस्त्रींचं बेसूर पहिल्यांदा त्यांनाच ऐकू आलं असावं.

घरी जेवायच्या आधी प्रार्थना करायचे, पूर्वीसारखीच भरघोस, मुलाचं नाव घेऊन. आणि शेवटाशी आले की गप्प होऊन चमचा उचलायचे. काकूंना ते सहन व्हायचं नाही. "पाकिटात पत्र घालायचं आणि पाकीट चिकटवायचंच नाही, याला काय अर्थ आहे?" असं म्हणून त्याच मोठ्यानं आमेन ठोकायच्या. "दोघांचं मिळून म्हणतेय मी," असंही वर सांगायच्या. मेस्त्री म्हणायचे, "तू तुझं म्हण. माझं राहू दे."

एकदा पॉलीनं धीर करून विचारलं. दोघं खिडकीच्या चौकटीला पट्ट्या ठोकत होते. "मेस्त्री, देवावर रागावलात का?"

"देवावर कशाला रागावू? त्यानं थोडंच घाई केली?" मेस्त्रींनी तोंडातला खिळा काढला. "आमेन म्हणजे काय माहितेय का? तुझं मेन स्विचवालं सोड. आमेन म्हणजे, खरंय, तसंच होवो. मी म्हटलं आणि ते खरं नव्हतं. माझ्या शब्दावर पोरानं हात दिला. आता तो म्हणेल की बाबा, तुमच्या शब्दावर पुन्हा भरवसा आहे, तेव्हा म्हणेन. नाहीतर राहील तसंच."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"तर वर जाऊन थेट विचारीन, की चालेल का," मेस्त्री म्हणाले आणि पुढचा खिळा ठोकला. ते हसले, पण पॉलीला हसू आलं नाही. हा माणूस तो एक शब्द पोटात तसाच ठेवून जाणार की काय, या काळजीनं तिला त्या दिवसापासून घेरलं.

वर्षं गेली. कारखाना हळूहळू पॉलीच्या हातात आला. मेस्त्रींच्या छातीत लाकडाचा भुसा साठला होता, दम लागायला लागला, आणि एका हिवाळ्यात डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच ठेवा. पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला. मेस्त्रींनी झोपल्या झोपल्या त्या पलंगाचे जोड तपासले आणि म्हणाले, "कुणी केलाय हा? लाकडाला काही विचारलेलं दिसत नाही."

त्या दिवशी पॉलीनं काकूंकडून नंबर घेतला आणि मुलाला फोन लावला. काकू म्हणाल्या, "मी सांगितलंय त्याला आजाराचं. बघतो म्हणाला. तू उगाच त्याला भरीला घालू नकोस." पॉली म्हणाली, "भरीला नाही घालत. एकच गोष्ट सांगते."

"दादा, मी पॉली."

"बोल. बाबा..."

"आहेत. दादा, मेस्त्री आमेन म्हणत नाहीत."

त्यानं वर्गाचं दार ओढून घेतलं. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"म्हणजे?"

"म्हणजे म्हणत नाहीत. कारखान्यात नाही, चर्चमध्ये नाही, जेवताना नाही."

"कधीपासून?"

"तू गेल्यापासून."

आता इतक्या वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. पण खरंच नव्हतं सांगितलं. काकूंना वाटे, पोराच्या जखमेवर आणखी ओझं कशाला. आणि तो तिकडे रोज मनात धरून बसला होता, की बाप रविवारी पहिल्या बाकावर उभा राहून, काही झालंच नाही अशा थाटात, आमेनचा गजर करत असेल. राग त्या आमेनचा होता. बोटांचा राग केव्हाच विरला होता.

"मी येतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला आला. केस पिकायला लागलेले, बाकी चेहरा तोच. काकूंनी पलंगाला लागून टेबल ओढलं होतं, गरम सूप वाढलं होतं. पॉली जायला निघाली, तर काकूंनी तिचा हात धरून खाली बसवलं, "पळू नकोस, मला एकटीला झेपायचं नाही हे." मेस्त्रींनी मुलाला बघितलं आणि उशीवरून उठायला लागले. "माझं चुकलं रे..."

"बाबा, सूप गार होतंय," मुलगा म्हणाला. "आधी प्रार्थना करा."

मेस्त्रींनी डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी, पोराकडे बघत प्रार्थना केली. दम पुरत नव्हता. अन्नाबद्दल आभार, बायकोबद्दल आभार, पॉलीच्या हातांबद्दल, आणि या आलेल्या पोराबद्दल. मग शेवट आला आणि ते गप्प झाले. सवयीनं चमच्याकडे हात गेला. काकूंनी नेहमीसारखं तोंड उघडलं.

मुलानं डावा हात टेबलावर ठेवला. ती दोन अर्धी बोटं सगळ्यांच्या समोर. आणि म्हणाला, "बाबा, पातं थांबलंय."

काकूंनी तोंड मिटलं. मेस्त्री त्या हाताकडे बघत राहिले, पूर्वी पात्याकडे बघायचे तसेच, खात्री होईपर्यंत. मग त्यावर आपला हात ठेवला.

"आमेन," म्हणाले.

पॉलीला रडू आवरेना. काकूंनी पदरानं नाक पुसलं आणि सगळ्यांना दरडावलं, की आता तरी खा.

मेस्त्री त्यानंतर वसंत लागेपर्यंत जगले, आणि त्यांनी मागची सगळी बाकी फेडून काढली. औषध घेतलं की आमेन. खिडकी उघडली की आमेन. मुलानं उशी सारखी केली, आमेन. काकू वैतागून म्हणाल्या, "अहो, चहात साखर जास्त झालीय असं सांगितलंत तरी आमेन? आता जरा आवरा." मुलगा शाळेत रजा टाकून राहिला होता. चर्चमधल्या ऑर्गनसमोर जाऊन बसून आला, आठ बोटांनी काय वाजतं ते बघून आला. मेस्त्री म्हणाले, "प्रेमानं सांग त्याला." आणि एका सकाळी, काकू त्यांची दाढी करायला पाणी घेऊन आल्या, तेव्हा ते गेलेले होते.

चर्च भरलं होतं. शेवटच्या बाकावर कारखाना, पॉली कडेला, तिच्याच जुन्या जागी. मुलानं ऑर्गन वाजवला. मधले काही सूर लागले नाहीत आणि कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. मग दफन झालं, माणसं परत येऊन चहा पिऊन पांगली. पॉली फुलं आवरायला चर्चमध्ये गेली. मुलगा ऑर्गनचं झाकण लावत होता. पाळकसाहेब दारात किल्ल्या घेऊन उभे होते, आता म्हातारे झालेले.

"पॉली," ते म्हणाले, "आज दिवे तूच मालव. आज कुणी काही म्हणणार नाही."

पॉली स्विचबोर्डाशी गेली. मेन स्विचवर बोट ठेवलं. पण ते बोट काही केल्या खाली जाईना. आयुष्यभराची सवय, शब्द ऐकल्याशिवाय हा हात हलायचाच नाही, आणि शब्द म्हणणाऱ्याला तर सगळे आत्ताच मातीत ठेवून आले होते. ती तशीच उभी राहिली. पाळकसाहेबांना कळेना, काय अडलं ते.

मुलाला कळलं. त्यानं झाकणावरचा हात उचलला, चर्चभर एकदा नजर फिरवली, आणि बापाच्या त्याच खणखणीत आवाजात म्हणाला, "आमेन."

मग पॉलीनं खटका पाडला.